हा पंप कुणाच्या पाठीच्या मापाचा?

परवा कपाशीवर फवारणी करून घरी आले आणि पाहिलं तर दोन्ही खांद्यांवर लालबुंद वळ. 16 लिटरचा बॅटरी पंप. नुसत्या पाण्याचंच ओझं 16 किलो, वरून टाकी आणि बॅटरी. ओझ्याचं एक वेळ सोडा, शेतकऱ्याच्या घरात ते कुणाला चुकलंय? पण पट्टा शेवटपर्यंत आवळला तरी पंप माझ्या पाठीवर बसत नाही. खाली लोंबतो आणि दर पावलाला कमरेवर आपटतो. पट्टे खांद्यावरून घसरतात ते वेगळंच.

शेवटी जुन्या गोधडीची पट्टी कापून खांद्यावरच्या पट्ट्याखाली शिवली, पट्टा दुमडून टाका मारला आणि दोन्ही पट्टे छातीवर नाड्याने बांधले. मग कुठे पंप जागेवर राहिला. नंतर कळलं, आमच्या गल्लीत आणखी दोघींनी हेच केलंय. तिघींनी एकमेकींना न विचारता! म्हणजे खोट आमच्या अंगात नाही, पट्ट्यात आहे.

कंपनीचा माणूस गेल्या हंगामात गावात प्रात्यक्षिकाला आला होता. फॉर्म भरून घेतला. रंग कोणता आवडेल, किंमत परवडते का, एवढंच. तेही आमच्या ह्यांना विचारलं. पंप पाठीवर घेते मी, आणि मी तिथेच उभी होते. मला ते फार लागलं.

आमच्या सासूबाई डावखुऱ्या. निंदणीचा विळा उजव्या हाताचा असतो, त्याची धार एकाच अंगाने काढलेली असते. डाव्या हातात धरला की तो गवत कापण्याऐवजी वरून सरकतो. आखाजीनंतर गावात लोहाराची भट्टी पेटली की त्या स्वतः जाऊन बसायच्या. "हात दखाड, माय," म्हणत तो आधी त्यांची मूठ बघायचा. मग धार उलट्या अंगाने काढायचा, मूठ तासून बारीक करायचा, पुन्हा हातात द्यायचा, पुन्हा तासायचा. तो विळा दुसऱ्या कुणाला चालायचा नाही, पण सासूबाईंची पात कधी मागे राहिली नाही. तो लोहार शाळेची पायरी चढला नव्हता, पण वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय वस्तू पुरी होत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं.

कुणी म्हणेल, कारखान्यात हजारो पंप निघतात, प्रत्येकीचं माप कसं घेणार? नका घेऊ. पट्टा आणखी वीतभर आखूड होईल अशी सोय करा, छातीवर एक आडवी पट्टी द्या. आणि हे साचा पाडायच्या आधी विचारा. साचा झाल्यावर विचारायला रंगच उरतो. मापं नाहीत असंही नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या पुढाकाराने शेतात राबणाऱ्या माणसांच्या अंगाची मापं घेतली गेली आहेत, त्यात बायकांचीही आहेत.

आणि आपल्याकडे डोकं नाही असं तर कुणी म्हणूच नये. आपल्याच जामनेर तालुक्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलचं पुढचं चाक आणि हँडल घेऊन त्याला कोळप्याची पास, म्हणजे तण कापणारं पातं, जोडली. बैलजोडी न परवडणाऱ्या लहान शेतकऱ्याला एकट्याने ढकलता येईल असं कोळपं. ‘कृषिराजा’ नाव दिलं त्याला. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने त्याची दखल घेतली. ज्याला स्वतःच्या रानात कोळपायचं होतं, त्यालाच ते सुचलं. अमेरिकेतल्या एमआयटीचे एरिक व्हॉन हिपेल यांनी 1986 मध्ये अशा माणसांना ‘लीड युजर’ म्हटलं: ज्यांची अडचण बाजाराच्या आधी उभी राहते आणि जे तिच्यावर स्वतःच उपाय काढतात. माझ्या गल्लीतल्या त्या दोघी मला त्यातल्याच वाटतात. फरक इतकाच की त्यांच्या टाक्याकडे अजून कुणी पाहिलेलं नाही.

म्हणून काल आम्ही तिघी पंप घेऊन दुकानात गेलो. दुकानदार आधी म्हणाला, "ताई, कंपनीचा माल, त्यात आपण काय करणार?" मी पंप त्याच्याच पाठीवर चढवला, आधी टाके उसवून, मग नाडा बांधून. दोन चकरा मारल्या त्याने. मग मोबाइल काढून तिन्ही पट्ट्यांचे फोटो घेतले आणि वरती पाठवतो म्हणाला.

चोपडा, यावल, रावेर, शिरपूरकडच्या बायांनो, तुम्हीही पट्ट्याला काही शिवलं, बांधलं असेल तर खाली फोटो टाका. पुढच्या सोमवारी मी पुन्हा दुकानात जाणार आहे.