रत्नागिरी दर्शन, मुलांच्या सवडीने

तालुक्यातल्या माणसाला रत्नागिरी ठाऊक असते ती कामापुरती. कोर्टाची तारीख, सिव्हिलमध्ये ठेवलेला कुणी नातेवाईक, कलेक्टर कचेरीत अडकलेला दाखला. सकाळची एसटी पकडायची, साहेब जागेवर नाहीत हे ऐकायचं, मिसळ खायची आणि संध्याकाळी राजापुरात परत. आमच्या घरातला एकही मोठा माणूस रत्नागिरीला गेला नाही असं नाही, आणि एकानेही थिबा पॅलेस आतून पाहिलेला नव्हता. म्हणून मुंबईचा पुतण्या सुट्टीत येणार म्हटल्यावर मी जाहीर केलं, की आपण सगळे एक दिवस रत्नागिरी शहर बघायला जायचं. नुसतं बघायला. सोबत कसलाही कागद न घेता.

मुलगी अकरावीत, पुतण्या दहावीत, धाकटा आठवीत. तिघांनीही मोबाइलवरून मान न उचलता सांगितलं, "बघू."

कोकणात सहलीसाठी दिवस काढायचा म्हणजे मुहूर्त काढण्यापेक्षा अवघड. एप्रिल-मे आंब्याचे, डोकं खाजवायला फुरसत नाही. जून ते सप्टेंबर पाऊस, त्यातच गणपती आणि चाकरमानी. पुढे भातकापणी, दिवाळी. शिमग्यात पालखी घरी यायची असताना गावाबाहेर गेलात, तर वर्षभर बोलणी खा. राहिला नाताळचा आठवडा. त्यात सोमवारी संग्रहालय बंद. मंगळवारी सासूबाईंचा उपास. गुरुवारी घरात मासे वर्ज्य, आणि रत्नागिरीला जाऊन सुरमई खायची नसेल तर नवरा गाडीच काढणार नाही. शनिवारी मुलीचा क्लास. शुक्रवार ठरला.

मग रस्ता. सासूबाईंना सागरी मार्गाने जायचं होतं, म्हणजे वाटेत आडिवऱ्याची महाकाली होते, पावसला स्वामींचं दर्शन होतं आणि भाट्याच्या पुलावरून सरळ शहरात. नवऱ्याला महामार्ग हवा होता. (महामार्गाच्या कामाविषयी आमच्या घरात बोलायचं नाही असं ठरलेलं आहे, ब्लडप्रेशरसाठी.) मुलांना रस्त्याशी देणंघेणं नव्हतं, रेंज जाता कामा नये एवढंच.

मी वहीच्या पाठकोऱ्या पानावर ठिकाणं लिहिली आणि फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. पहिलं नाव लोकमान्यांच्या जन्मस्थानाचं.

"पण ते तर पुण्याचे ना?" धाकट्याची शंका.

मी समजावलं, की जन्म इथला, १८५६चा. दहा वर्षांचे असताना पुण्याला गेले.

"म्हणजे त्यांनाही इथे बोअर झालं."

वडिलांची बदली झाली होती, हे मी तीनदा सांगितलं. ऐकणार कोण! दुसरं नाव पतितपावन मंदिर. भागोजीशेठ कीरांनी पैसा घातला आणि १९३१ साली सर्व जातींना खुलं असलेलं हे मंदिर उभं राहिलं, ही गोष्ट मला खरोखरच मुलांना सांगायची होती. पण त्यासाठी सावरकर रत्नागिरीत का होते, हे आधी सांगावं लागलं. १९२४ ते १९३७ स्थानबद्ध, सरकारच्या परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही.

"सेम," मुलगी म्हणाली.

तिसरं नाव थिबाचं. ब्रह्मदेशचा राजा, इंग्रजांनी राज्य घेतलं आणि १८८६ साली त्याला इथे आणून ठेवलं. १९१६ साली तो इथेच वारला. आता पुतण्याने तिन्ही नावं एकत्र वाचली आणि निकाल दिला, "काकी, म्हणजे इथे लोकांना शिक्षा म्हणून आणायचे. आम्हाला आणताय तसंच." इतिहासाच्या पेपरात या मुलाला पस्तीसच्या वर कधी मिळत नाहीत.

मुलांची स्वतःची मागणी एकच होती, मिऱ्याचं जहाज. २०२०च्या निसर्ग वादळात 'बसरा स्टार' भरकटत येऊन मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं, ते रीलमधून थेट यांच्या डोक्यात. तीन बाजूंना समुद्र असलेला रत्नदुर्ग यांना चढायला नको, गंजकं जहाज मात्र हवं. बरं, तेही बिचारं मनाविरुद्धच रत्नागिरीला आलेलं. ते अजून तिथे आहे की भंगारात गेलं, यावर ग्रुपवर दोन रात्री खल झाला. एवढी चर्चा धाकट्याच्या शाळेच्या प्रवेशाच्या वेळीही झाली नव्हती.

निघायचं सहाला ठरलं होतं. राजापूरची गंगा कधी येईल ते एक वेळ सांगता येईल, पण या तिघांतलं कोण कधी अंघोळीला उठेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. साडेनवाला गाडी हलली. सागरी मार्गाने. सासूबाई पहिल्यापासून पुढच्या सीटवर बसून होत्या, त्यामुळे वाद झाला नाही.

टिळकांचं घर झालं, देऊळ झालं. मत्स्यालयात देवमाशाच्या सांगाड्यापुढे धाकटा फरशीवर उताणा झोपला, कारण उभ्याने तो फ्रेममध्ये मावत नव्हता. त्याच्यावरून पाय टाकून एक आख्खी शाळेची सहल गेली. मी ओळख दाखवली नाही. जेवताना मुलांना बर्गर हवा होता, सुरमई आली, आणि नवऱ्याच्या वाट्याला जेमतेम डोकं उरलं.

थिबा पॅलेसला पोचेतो साडेतीन. लाल भिंती, उतरती छपरं, लाकडी नक्षीच्या अर्धगोल खिडक्या. आम्ही बघत होतो, मुलगी मोबाइल बघत होती. अचानक तीच आपणहून बोलायला लागली. थिबाला चार मुली होत्या. चौघी इथेच वाढल्या, इथेच वयात आल्या. राजघराण्याला शोभेल असा नवरा रत्नागिरीत कुठला मिळायला? थोरली राजकन्या दारावरच्या गोपाळ सावंत नावाच्या माणसाच्या प्रेमात पडली. त्यांची मुलगी टूटू, म्हणजे ब्रह्मदेशच्या राजाची नात, रत्नागिरीतच मराठी बोलत म्हातारी झाली.

मी सावध झाले. आता ही प्रेमविवाहावर काहीतरी विचारणार, म्हणून मनात उत्तर जुळवायला लागले. सासूबाई पायरीवर बसून गुडघा चोळत होत्या. त्यांचा हात थांबला.

"कुठचे गो ते सावंत?"

"आजी, सावंतवाडीचे असतील," पुतण्या म्हणाला.

"सगळे सावंत काय सावंतवाडीचे असतात? लांज्याकडे आहेत, संगमेश्वराकडे आहेत. बघ त्या मोबाइलमध्ये, गाव लिहिलं असेल."

तिघांनी तीन मोबाइल उघडले. गाव सापडेना. जहाजाचं कुणी नावही काढेना. शेवटी सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्याने राजवाड्याच्या व्हरांड्यात उभं राहून लांज्याच्या आपल्या वर्गमित्राला फोन लावला.

"हॅलो, सावंत? अरे, तुमच्या घराण्यात ब्रह्मदेशची सून होती का रे कुणी?"