सहा तासांत मोकळी? एका जुन्या सिस्टरचं उत्तर

मंगळवारी रात्री सव्वाअकराला धाकट्या बहिणीचा फोन आला. भाची पहिल्या बाळंतपणासाठी कराडला तिच्याकडे आलेली, नववा भरत आलेला, त्यामुळे अवेळी फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. पलीकडून रडका आवाज: "ताई, हिला चारपासून कळा येतायत. सात तास झाले, काहीच होत नाहीये. बाळ अडलं की काय गं?"

किती वेळाने येतात, विचारलं. "कधी वीस मिनिटांनी, कधी पाऊण तासाने." पाणी गेलं? नाही. अंगावर लाल? नाही. बाळ हलतंय? "लाथा मारतंय." मग हा सात तासांचा हिशोब कुणी मांडला? तेव्हा कळलं, विहीणबाईंनी ग्रुपवर एक मेसेज टाकला होता आणि अख्खं घर घड्याळ घेऊन बसलं होतं.

मेसेज मागवून घेतला. खाली नाव ना गाव, वर 'अनुभवी वैद्यांकडून', शेवटी हात जोडलेल्या तीन चित्रांची रांग. मजकूर थोडक्यात असा: पहिलं बाळंतपण कळा लागल्यापासून सहा तासांत झालंच पाहिजे. पिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडतं; उघडलं नाही तर बाळ अडलं, किंवा दवाखाना सिझर करायला मुद्दाम वेळ काढतोय. पूर्वी बायका खुरपता खुरपता बाळंत व्हायच्या. आताच्या मुली खुर्चीत बसून असतात, त्यांची पिशवी आखडते. कळा लागल्या की पाण्याचा घोट देऊ नये. घरातली कुलपं उघडावीत, केस मोकळे सोडावेत, मुलीला चालतं ठेवावं. आणि सगळ्यात खाली, सहज सांगितल्यासारखं: आधी एरंडेल पाजावं, ओळखीच्या डॉक्टरकडून कळांचं एक इंजेक्शन घेऊन मगच दवाखान्यात न्यावं, म्हणजे गेल्या गेल्या मोकळी होते.

तेवीस वर्षं मी लेबर रूममध्ये काढली, त्यातली बहुतेक ग्रामीण रुग्णालयात. हे वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. भाची मात्र पहाटे कळा थांबल्यावर ढाराढूर झोपली. त्या खोट्या कळा होत्या.

आधी सहा तासांचं बघू. सहा तास कशापासून मोजायचे, हेच त्यात नाही. पहिलटकरणीच्या पिशवीचं तोंड आधी जाड आणि घट्ट असतं. ते मऊ व्हायचं, पातळ व्हायचं, मग उघडायला लागायचं. या सुरुवातीच्या काळात कळा येतात, जातात, मधेच झोप लागू देतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली प्रसूतीच्या काळजीबद्दल शिफारशी काढल्या. त्यात या टप्प्याला ठरलेली मुदत नाही आणि तो बाईगणिक फार बदलतो, असं सरळ लिहिलंय. खरा जोराचा टप्पा त्यांनी 5 सेंटिमीटरपासून धरलाय. तिथून तोंड पूर्ण, म्हणजे 10 सेंटिमीटर, उघडेपर्यंत पहिल्या खेपेला साधारण 12 तासांपर्यंत लागू शकतात, पुढच्या खेपांना 10. त्यानंतर जोर देऊन बाळ बाहेर येईपर्यंत पहिलटकरणीला 3 तासांपर्यंतचा वेळ. करा बेरीज. पहिली बारीक कळ धरली तर दिवस उलटून जातो, आणि त्यात कुणाचं काही बिघडलेलं नसतं. कळ लागल्या लागल्या घड्याळ चालू केलं तर निम्म्या मुली 'अडलेल्या'च निघायच्या.

तासाला एक सेंटिमीटर हे मात्र त्या वैद्यांनी हवेतून आणलेलं नाही, ते आमच्याकडूनच गेलंय, हे कबूल करायला हवं. 1955 साली फ्रीडमन नावाच्या डॉक्टरांनी न्यूयॉर्कमधल्या 500 पहिलटकरणींच्या प्रसूतीचा आलेख काढला. पुढे 1972 मध्ये फिलपॉट आणि कॅसल यांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आताच्या झिम्बाब्वेत, जिथे दवाखाने लांब आणि सुईणी थोड्या, तासाला एक सेंटिमीटरची तिरकी रेघ कागदावर मारली. बाई त्या रेघेच्या उजवीकडे सरकली की सावध व्हा, मोठ्या दवाखान्यात हलवा, एवढाच तिचा अर्थ. आम्ही तोच कागद भरायचो. दर चार तासांनी तपासून फुली मारायची, आणि फुली रेघेच्या पलीकडे गेली की छातीत धडधड. 2010 मध्ये अमेरिकेतल्या 19 रुग्णालयांतल्या 62 हजारांहून जास्त बायकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा काही जणींना 4 वरून 5 ला जायला 6 तासांहून जास्त आणि 5 वरून 6 ला 3 तासांहून जास्त लागतात असं दिसलं, तरी त्या नीट बाळंत झालेल्या होत्या. म्हणून 2018 च्या शिफारशींत तासाला एक सेंटिमीटर हा निकष धरू नका असं सांगितलं, आणि संघटनेच्या 2020 च्या नव्या कागदावरून ती तिरकी रेघच गेली. आता प्रत्येक सेंटिमीटरला वेगळी मुदत आहे: 5 वर 6 तास, 6 वर 5, 7 वर 3, 8 वर अडीच, 9 वर 2. ती उलटली तरी लगेच सुरी काढायची नसते, डॉक्टरांना बोलवायचं असतं.

आणि सेंटिमीटर म्हणजे काही पट्टी लावून मोजत नाहीत. दोन बोटं घालून अंदाज घ्यायचा. माझे तीन आणि रात्रपाळीच्या सिस्टरचे चार, यात पुष्कळदा बाईत काहीच फरक पडलेला नसायचा, फक्त बोटं बदललेली असायची. अशा मोजणीवर नातेवाईक बाहेर पानाच्या टपरीवर तासाचा हिशोब लावत बसतात.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. कळांचं इंजेक्शन. ऑक्सिटोसिन. आम्ही तेच औषध वापरतो, नाही असं नाही. कळा मंदावल्या, बाळाची स्थिती चांगली आहे, वाट मोकळी आहे, असं बघून ते सलाइनमध्ये मिसळून थेंबाथेंबाने चढवतात. थेंब मोजून. हात पोटावर ठेवून. बाळाचे ठोके पुन्हा पुन्हा ऐकत. कारण प्रत्येक कळेत पिशवी आवळते तेव्हा बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं, आणि कळ सुटली की ते पुन्हा वाहतं. दोन कळांमधली ती विश्रांती म्हणजे बाळाचा श्वास. सलाइन जास्त झालं तर चावी बंद करता येते, औषध थोड्या वेळात उतरतं. दंडात किंवा कमरेत एकदम टोचलेलं परत काढता येत नाही. बाळ झाल्यावर त्याच औषधाची 10 युनिटं आम्ही मांडीत देतो, तेव्हा ती पिशवी आवळून रक्तस्राव थांबवतात आणि आईला वाचवतात. बाळ आत असताना तीच पिशवी आवळली की ती कुणाला आवळते, याचा विचार 'ओळखीच्या डॉक्टर'ने केलेला नसतो.

एक मुलगी आठवते. वस्तीवरून जीपने आणली होती, असेल वीस वर्षांची. सासू खूश होती, "कळा एकदम चांगल्या आहेत हो सिस्टर, थांबतच नाहीत." मी पोटावर हात ठेवला. दगड. एक मिनिट थांबले, दोन मिनिटं थांबले, पोट मऊच होईना. कुशीवर वळवलं तर कमरेवर कापसाचा बोळा आणि त्यावर चिकटपट्टी, अजून नीट वाळलेलीही नव्हती. विचारलं, कुठे घेतलं इंजेक्शन? कुणी बोलेना. बाळाचे ठोके मोजले तर मिनिटाला 80. ते 110 ते 160 असावे लागतात. डाव्या कुशीवर झोपवलं, ऑक्सिजन लावला, जिल्ह्याला फोन केला, 108 ने पाठवलं. सिझर झालं, मूल जगलं. तीन वर्षांनी ती मुलगी लसीकरणाच्या दिवशी ओळख दाखवायला आली, मूल कडेवर घेऊन. तीन वर्षांचं पोर कडेवर बसत नाही हो, ते पळत असतं. त्याची मान एका बाजूला कललेली होती. आईला अजून वाटत होतं की जिल्ह्याच्या डॉक्टरांनी उशीर केला. इंजेक्शनचं नाव मी काढलं नाही. काढायला हवं होतं का, ते मला आजही ठरवता येत नाही.

म्हणून त्या शेवटच्या ओळीचा मला राग आहे. एरंडेलाने निदान जुलाब होतात, मळमळतं, कळा सुरू व्हायच्या आत मुलगी गळून जाते. ते वाईटच, पण त्यातून उठता तरी येतं.

'पूर्वीच्या बायका'. हे ऐकून कान किटले. शेतात बाळंत झालेल्या बायका होत्या, पण विचारा, कितव्या खेपेला? चौथ्या, पाचव्या. वाट एकदा मोकळी झाली की पुढची बाळंतपणं पटकन होतात, म्हणून तर दुसरटकरणीला आम्ही लवकर या म्हणून सांगतो. त्याच घरातली पहिली खेप किती दिवस चालली होती, ते म्हातारीला विचारा. 'अडलेली बाई' हा शब्द मराठीत काय उगाच आला? बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्या आज्या कशाला म्हणायच्या? आणि ज्या त्या खुरपणीतून परत आल्या नाहीत, त्या मेसेज पाठवायला उरल्या नाहीत. फार मागे जायला नको. महाराष्ट्रात 2001–03 मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे 149 माता दगावत होत्या, 2018–20 मध्ये 33. मधल्या काळात ज्या बायका वाचल्या, त्या कुलपं उघडून वाचलेल्या नाहीत. खुर्चीवर बसून पिशवी आखडते, यावर काय लिहू? खुर्चीवर बसून कंबर आखडते. कुलपं खुशाल उघडा, दाराशी कुणीतरी बसा म्हणजे झालं.

पाणी न देण्याचं पाप आमच्याही माथी आहे. वर्षानुवर्षं आम्ही बायकांना कोरड्या ओठांनी ठेवलं, कारण 'सिझर लागलं तर'. त्याच 2018 च्या शिफारशींत जोखीम नसलेल्या बाईला खाऊपिऊ द्या म्हटलंय. चालण्याबद्दल मेसेज बरोबर आहे, उगाच नाही म्हणणार नाही: उभं राहिलं, फिरलं तर पहिला टप्पा सरासरी तासाभराहून जास्तने कमी होतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलंय. मात्र 'चालतं ठेवावं' म्हणजे दमलेल्या पोरीला रात्री दोनला अंगणात हाकणं नव्हे.

राहिलं सिझरचं. इथे मला गप्प बसावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019–21 च्या, देशात खाजगी दवाखान्यांतल्या शंभरातल्या 47 प्रसूती सिझरने झाल्या, सरकारीत 14. एवढ्या बायकांना गरज असते असं कुणी मला पटवू नये. लोकांचा संशय आकाशातून पडलेला नाही. पण त्या संशयावर हा मेसेज काय उपाय सांगतो? सहा तास झाले की बोंब मारा. मी किती वेळा पाहिलंय, मुलीच्या पिशवीचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडलंय, ती हसतेय, चहा पितेय, आणि बाहेर मामा म्हणतोय, "मॅडम, किती ताटकळायचं, करून टाका काय ते." सिझर नको असेल तर पहिली गोष्ट लागते ती दम धरायची तयारी, आणि तीच हा मेसेज काढून घेतो.

भाचीला मी कागदावर लिहून दिलंय. कळा पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या आणि तासभर तशाच येत राहिल्या की निघायचं. पाणी गेलं, हिरवट दिसलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, ताप आला, डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळा असोत नसोत, लगेच. दवाखान्याच्या आधी कुठेही सुई नाही. जाऊन परत पाठवलं तर रागवायचं नाही, वरण-भात खाऊन झोपायचं. बहीण म्हणाली, "विहीणबाईंना काय सांगू?" मी म्हटलं, हेच सांग, नाहीतर मला त्यांचा नंबर दे.

परवा ग्रुपवर हे सगळं टाकलं. विहीणबाईंनी अंगठा दाखवलाय. खाली त्यांच्या जाऊबाईंनी विचारलंय, मग एरंडेल किती चमचे?