मीठ, मिरी आणि मेणबत्ती

बायकोने फ्रिजवर कागद चिकटवला होता: ‘जुलै. किराणा. ४०० डॉलर.’ खाली तिची सही. ती नर्स आहे, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीचा डोस ठरलेला असतो असा तिचा विश्वास. तिच्या रात्रपाळ्या आणि माझं काम घरून, म्हणून स्वयंपाकघर माझ्याकडे. एकोणीस तारखेला ४०० पैकी ५२ उरले होते, आणि महिन्याचे अजून बारा दिवस बाकी होते.

आम्ही पेनसिल्व्हेनियात लँकॅस्टर काउंटीत राहतो. (असं लिहायचं, बोलताना मात्र घाईघाईत ‘लँकिस्टर’ म्हणायचं. सावकाश, नीट उच्चार केलात की समोरचा लगेच ओळखतो, पाहुणे दिसताय.) आमच्या रस्त्यावरून दिवसाकाठी दहा-बारा घोडागाड्या जातात, आमिश लोकांच्या. अठराव्या शतकात युरोपातून येऊन इथे शेती करू लागलेली, जुन्या साध्या राहणीला धरून असलेल्या एका ख्रिस्ती पंथाची ही माणसं. घरात आपापसात जर्मनची एक बोली बोलतात, तिला बाकीचं जग ‘पेनसिल्व्हेनिया डच’ म्हणतं. हॉलंडचा त्यात काडीचा संबंध नाही. मोटार नाही, घरात तारेची वीज नाही, आणि पोरं सहा-सात तर सहज. तरी सगळी कशी गुटगुटीत! स्वस्तात पोटभर जेवायचं शास्त्र असेल तर ते यांच्याचकडे, असं माझ्या मनाने घेतलं.

म्हणून बर्ड-इन-हँडच्या बाजूला एका आमिश दुकानात गेलो. ‘हातातला पक्षी’ हे गावाचं नाव आहे, मी काय करू? दुकानात दिवा नव्हता, छपराच्या काचेतून पडेल तेवढाच उजेड. पीठ, नूडल्स, बिस्किटांचा चुरा, सगळं साध्या पारदर्शक पिशव्यांत, वर चिठ्ठी. आपल्याकडच्या वाण्याच्या दुकानात असतो तसाच वास, फक्त त्यातली हिंगाची बाजू कमी. गल्ल्यावर पांढरी टोपी घातलेली तरुण बाई होती. खिम्याचं स्वस्त आणि मस्त काय करता, असं विचारलं. तिने क्षणभर विचार करून सांगितलं, ‘पुअर मॅन्स स्टेक.’

गरिबाचा स्टेक! ५२ डॉलर खिशात असलेल्या माणसाला याहून योग्य पदार्थ कुठला?

कृती तिने तोंडीच सांगितली. दोन पौंड बीफचा खिमा, खाऱ्या बिस्किटांचा एक कप चुरा, एक कप दूध, बारीक कांदा, मीठ, मिरी. मळून पावासारखा लांबट गोळा करायचा आणि रात्रभर गार ठेवायचा. दुसऱ्या दिवशी कापं काढून, पिठात घोळवून तळायची, वर मश्रूमच्या सुपाचा डबा ओतायचा आणि तासभर ओव्हनमध्ये. ‘आणि मसाला?’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘मिरी सांगितली ना.’

एक गोष्ट मला फार लागली. ट्रॅक्टर नको, तारेची वीज नको म्हणणाऱ्यांच्या या पदार्थाचा प्राण म्हणजे कारखान्यातल्या सुपाचा डबा! कॅम्पबेल कंपनीने ते मश्रूम सूप १९३४ साली बाजारात आणलं, आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या अर्ध्याअधिक गृहिणींनी पांढरा सॉस करणं सोडून दिलं असावं. घोडागाडी आहे तिथेच राहिली, सूप मात्र पुढे गेलं.

शुक्रवारी रात्री खिमा मळायला घेतला आणि वसईहून आईचा व्हिडिओ कॉल आला. आमच्या ख्रिस्ती घरात खिमा काही नवा नाही. रविवारच्या मिस्सानंतर कटलेटं ठरलेली, आणि शेल्फवर बियरच्या जुन्या बाटलीत ठासून भरलेला बॉटल मसाला. तिच्या हाताखाली मी हजारो कटलेटं वळली असतील.

‘मसाला किती घातलास?’

‘मीठ आणि मिरी.’

फोनवर शांतता. मग काळजीचा आवाज: ‘अरे, घरात आजारी कोण आहे?’

कोणी नाही म्हटल्यावर तिची काळजी वाढली. तरी मी शपथ घेतली होती, एकदा तरी त्यांच्या पद्धतीने करायचं. हात मात्र ऐकेना. खिमा मळताना उजवा हात दोनदा आपोआप शेल्फकडे गेला. दोन्ही वेळा मी तो डाव्या हाताने धरून परत आणला.

शनिवारी संध्याकाळी कापं काढली. गोळा गार होऊन असा घट्ट झाला होता की सुरी साबणाच्या वडीतून जावी तशी गेली. पिठात घोळवून तव्यावर टाकली, आणि छतावरचा धुराचा भोंगा किंचाळायला लागला. मुलीने टॉवेलने वारा घातला, तो गप्प झाला. सुपाचा डबा उघडून पालथा केला तर सूप पडेचना. तळाशी एक थाप मारली, तसं ‘फ्लॉप’ करून डब्याच्याच आकारात कापांवर उभं राहिलं, अंगावरच्या वळ्यांसकट. मुलगी म्हणाली, ‘पप्पा, हे हललं!’ दूध घालून पसरवलं, ओव्हन ३५० फॅरनहाइटला लावला.

वीस मिनिटांनी वादळ आलं. जुलैत इथे आभाळ दुपारभर उकळतं आणि संध्याकाळी फुटतं. एक कडाडा, आणि सगळं गाव काळोखात. ओव्हन गेला, पंखा गेला, फ्रिजवरचा तो कागदही दिसेना. फक्त भोंगा बॅटरीवर असल्यामुळे दर मिनिटाला एकदा टीक करून आपण जिवंत असल्याचं कळवत होता.

आणि तेव्हा शेतापलीकडे बघतो तर आमिश घराच्या खिडकीत छान पिवळा उजेड! गॅसचा दिवा. त्यांचा फ्रिज गॅसवर, त्यांची शेगडी गॅसवर. आमिश जेवण वाटेत अडकलं होतं ते विजेवाचून, आणि तेही फक्त माझ्या घरात.

गॅरेजमधून कॅम्पिंगची प्रोपेन शेगडी काढली आणि मागच्या पडवीत पावसाचे शिंतोडे झेलत मोठ्या पॅनमध्ये सगळं उपसून ठेवलं. बायको टॉर्च धरून मागे उभी. तिचा हट्ट एकच: ‘१६० डिग्री झाल्याशिवाय ताटात वाढायचं नाही.’ तिच्या थर्मामीटरने तीनदा नकार दिला, चौथ्यांदा सुटका केली.

मेणबत्त्या लावून जेवलो. सांगायला वाईट वाटतं, पण लागलं चांगलं. मऊ, दुधाळ, जरा शाळेच्या कँटीनसारखं. मुलीने दोन कापं मागून घेतली. बायकोने मात्र दोन घासांनंतर उठून काळोखात नेमकी बॉटल मसाल्याची बाटली शोधून आणली आणि पवित्र पाणी शिंपडावं तसा चिमटीने ताटावर शिंपडला. मी काही बोललो नाही. शपथ माझी होती, तिची नव्हती.

तेवढ्यात रस्त्यावरून टापांचा आवाज आला. पावसात एक घोडागाडी घरी चालली होती. सगळ्या रस्त्यावर दुसरा उजेड नव्हता. तिच्या मागचा बॅटरीचा लाल दिवा तेवढा लुकलुकत वळणापर्यंत दिसत राहिला.