काळ्या चित्रातला उजेड

मंदारचे म्हणणे असे की, सबंध कॅनव्हास काळा करायचा आणि त्यात प्रकाश आहे असे सांगायचे, ही समीक्षकांची हातचलाखी आहे. विषय पिएर सुलाज या फ्रेंच चित्रकाराचा होता. १९७९ साली एक बिघडत चाललेले चित्र काळ्या रंगाखाली पुरते बुडाले, तेव्हा त्या काळ्यावरूनच परत फिरणारा उजेड त्यांच्या लक्षात आला आणि २०२२ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी निधन होईपर्यंत त्यांनी त्याचाच पाठपुरावा केला.

“अरे, तू रंगच पाहतो आहेस,” वर्षा म्हणाली. “त्या जाड रंगात पात्याने ओढलेल्या चरी पाहा. चरीची एक कड चमकते, दुसरी काळीच राहते. आपण दोन पावले सरकलो की चमकणारी विझते आणि विझलेली राखाडी होते. नांगरलेल्या ओल्या शेतावर तिरपे ऊन पडते, तसे.”

सुहासला हे पटले, पण अर्धेच. त्याच्या मते ही चमक झाली, खोली नव्हे. खोली पाहायची तर वासुदेव गायतोंडे यांच्या एकरंगी चित्रांत पाहावी. रोलरने आणि सुरीने पातळ थर चढवायचे, फाटक्या कागदाने काही ठिकाणचा रंग उचलायचा, आणि खालच्या थराचा उजेड वर झिरपेल इतकेच झाकायचे, ही त्यांची रीत.

मला हा भेद महत्त्वाचा वाटतो, मात्र सुहास समजतो तितका तो सरळ नाही. सुलाज यांच्या चरीची खोली बोटाने चाचपता येईल अशी खरीखुरी आहे, पण तिथला उजेड सर्वस्वी बाहेरचा. गायतोंडे यांच्याकडे पृष्ठभाग त्या मानाने सपाट, तरी नजर आत आत उतरत जाते.

“म्हणजे दिवा विझला की सुलाज संपले?” मंदारने विचारले.

“अर्थात!” वर्षा म्हणाली. “म्हणून तर फ्रान्समधल्या काँक गावच्या मठ-चर्चमधील १०४ खिडक्यांसाठी त्यांनी मुद्दाम रंगहीन, अर्धपारदर्शक काच घडवून घेतली. तिथे रंग लावलाच नाही. दिवस सरकेल तशी काच बदलत जाते.”

“मग संग्रहालयात चित्राखालच्या पाटीवर दिवे लावणाऱ्याचेही नाव हवे,” मंदार म्हणाला. वर्षाने ते हसण्यावारी नेले. माझ्या मते मागणी रास्त होती.