कलौंजी खा, पण शुगरची गोळी बंद करू नका

रमजान जवळ आला की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो तीन फॅमिली ग्रुपवर आला, आणि एका चाचांनी तर दुकानात काउंटरवर फोन पुढे करून वाचून दाखवला. मजकूर थोडक्यात असा: शुगर-बीपीवर सुन्नत (नबींनी सांगितलेला) इलाज, रोज कलौंजी घ्या, ती मौत सोडून प्रत्येक रोगावर शिफा (बरं करणारी) आहे, सकाळी 7 अजवा (मदिनेचे) खजूर आणि मध घ्या, ही कुदरती साखर आहे, शुगरवाल्याला काही होत नाही, पूर्ण रोजे ठेवले की शुगर मुळापासून जाते, जपानी शास्त्रज्ञाला याच शोधावर नोबेल मिळालं, हलाल खाणाऱ्याला पथ्याची गरज नाही, इंग्रजी गोळ्या आजच बंद करा.

मी फार्मसिस्ट आहे, रत्नागिरीकडची. मागच्या वर्षी माझ्या सख्ख्या खालाने, म्हणजे मावशीने, हाच मेसेज वाचून कोणाला न सांगता तीन आठवडे गोळ्या बंद ठेवल्या. चपलेने घासून झालेली एवढीशी जखम भरेना म्हणून तपासलं तर शुगर 400 च्या वर. पाय वाचला, एक बोट काढावं लागलं. आणि दवाखान्यात मला जवळ बसवून ती म्हणाली, माझंच ईमान कमी पडलं असेल गं, म्हणून कलौंजी लागू पडली नाही. बोट गेल्याचं वाईट वाटलंच, पण हे वाक्य माझ्या अजून डोक्यातून जात नाही, म्हणून एकदा नीट बसून लिहितेय.

आधी कलौंजी. हदीस, म्हणजे नबी मुहम्मद (स.) यांचं वचन, खरी आहे, सहीह बुखारी या हदीससंग्रहात आहे, त्यावर माझा काडीचा वाद नाही. पण 'प्रत्येक रोगावर' याचा अर्थ काय हे आपल्या आलिमांनी (धर्माच्या विद्वानांनी) शेकडो वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय, ते कोणी फॉरवर्ड करत नाही. खत्ताबींनी लिहिलंय की शब्द सर्वसाधारण आहेत पण अर्थ विशिष्ट आहे, म्हणजे ज्या रोगांना कलौंजी मानवते त्या रोगांपुरता. इब्न कय्यिम यांनी तर कुरआनमधलंच उदाहरण दिलं, आद नावाच्या जुन्या कौमवर जे वादळ आलं त्याबद्दल आयत (कुरआनमधलं वचन) म्हणते की ते प्रत्येक गोष्ट नष्ट करतं, आणि लगेच पुढे येतं की त्यांची घरं तेवढी दिसत राहिली. म्हणजे 'प्रत्येक गोष्ट' म्हणूनही घरं उभीच होती! हे समजावणारी माणसं 600-700 वर्षांपूर्वीची आणि त्याआधीची आहेत, कुठल्या औषध कंपनीची नाहीत.

आता दुकानातली बाजू. कलौंजीवर अभ्यास झालेत, शुगर काही प्रमाणात कमी झालेली दिसलीय, हे मी लपवणार नाही. सौदीत अल-खोबरला 94 पेशंटवर तीन महिने अभ्यास झाला, रोज 2 ग्रॅम कलौंजीने फरक पडला, पण त्या सगळ्यांच्या गोळ्या चालूच होत्या, कलौंजी गोळीच्या जोडीला होती, गोळीच्या ऐवजी नाही. मेसेजमध्ये नेमकं हेच गाळलंय. आणि जोडीला घेणार असाल तरी डॉक्टरला सांगा, कारण दोन्ही मिळून शुगर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. अजून एक, आपल्याकडे बाजारात कलौंजी मागितली की कधी कांद्याचं बी म्हणून काहीतरी मिळतं, कधी कारळे हातात पडतात, काळं दिसलं की झालं. कारळ्याची चटणी भाकरीबरोबर मला स्वतःला खूप आवडते, पण ती कलौंजी नव्हे, वेगळं झाड आहे.

खजूर आणि मध. 7 अजवाची हदीससुद्धा बुखारीतली आहे, आणि त्यात म्हटलंय की त्या दिवशी विष आणि जादू अपाय करणार नाही. शुगरचा उल्लेख त्यात कुठेच नाही, तो जोडणारा आपल्यातलाच कोणीतरी आहे, आणि नबी (स.) यांच्या नावावर आपल्या पदरचं काही जोडणं किती मोठी गोष्ट आहे हे मेसेज पाठवणाऱ्यांनाही माहीत आहे. मधाबद्दल सूरह नहलमध्ये आयत आहे, त्यात लोकांसाठी शिफा आहे, बरोबर, पण प्रत्येक रोगावर असं तिथे म्हटलेलं नाही. 'कुदरती साखर' हा तर शब्दच फसवा आहे. खजुराच्या वजनात साधारण दोन तृतीयांश साखर असते, मधात पाच भागातले चार भाग, आणि ती झाडाची आहे की कारखान्याची हे रक्ताला कळत नाही. खजुरात फायबर आहे म्हणून तो जिलेबीपेक्षा बराच बरा, एखाद-दुसऱ्या खजुराने रोजा सोडायला बहुतेकांना डॉक्टरही नाही म्हणत नाहीत. पण सात खजूर आणि वर दोन चमचे मध, रोज, गोळी बंद करून, हे शुगरवाल्यासाठी धोक्याचं आहे, सरळ सांगते. आणि मधाचा विषय निघालाच आहे तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, त्यातून एक जीवघेणं इन्फेक्शन होऊ शकतं, हे मी प्रत्येक नव्या आईला सांगते.

नोबेलचं थोडक्यात. योशिनोरी ओसुमी यांना 2016 ला नोबेल मिळालं हे खरं, पण ते पेशी आपलेच टाकाऊ भाग कसे मोडून परत वापरतात यावरच्या कामासाठी, आणि ते मूळ काम यीस्टवर होतं. रोज्याने शुगर जाते असं त्यात काही सिद्ध झालेलं नाही. आणि खरं सांगू का, आपण रोजा अल्लाहसाठी ठेवतो, त्याला नोबेलचा दाखला कशाला लागतो.

आता रोजा, ज्यात मला सगळ्यात जास्त भीती वाटते. 2001 मध्ये 13 देशांतल्या 12 हजारांवर शुगर असलेल्या मुस्लिमांचा एक मोठा अभ्यास झाला, एपिडायर नावाचा. त्यात टाइप 2 वाल्यांमध्ये रमजानच्या महिन्यात दवाखान्यात न्यावं लागेल इतकी शुगर खाली जायचं प्रमाण एरवीपेक्षा साडेसात पट निघालं. सगळ्यांनाच रोजा मना आहे असं मी अजिबात म्हणत नाही, कितीतरी लोक गोळीची वेळ बदलून छान रोजे ठेवतात. पण ते डॉक्टरने ठरवून दिलेलं असतं. शुगर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली की रोजा तिथेच सोडायचा, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे, इफ्तारला अर्धा तास राहिला असला तरी. बोट टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, हे तर इतक्यांना माहीत नाही की लोक चक्कर येत असताना मशीनला हात लावत नाहीत. आणि सूट कोणी दिलीय? सूरह बकरामध्ये जिथे रोज्यांचा हुकूम आहे तिथेच आजारी माणसाने दुसऱ्या दिवसांत मोजून भरावेत असंही आहे, ज्याला कधीच जमणार नाही त्याने मिस्किनाला (गरिबाला) जेवू घालावं, यालाच फिदया म्हणतात. सूट देणाराच अल्लाह असताना आजारी माणसाला रोजा सोडल्याची शरम वाटायला लावणारे आपण कोण?

राहिलं हलालवाल्याला पथ्य नाही, हे. कुरआनमध्ये हलालबरोबर तय्यिब शब्द येतो, म्हणजे चांगलं, स्वच्छ. खा-प्या पण अती करू नका, ही आयत आहे. तिर्मिजी या हदीससंग्रहात आहे की माणूस पोटापेक्षा वाईट भांडं भरत नाही, पाठ ताठ राहील एवढे घास पुरे, आणि खायचंच असेल तर एक तृतीयांश जेवण, एक तृतीयांश पाणी, एक तृतीयांश श्वासाला. पथ्य अजून वेगळं काय असतं? नबी (स.) यांच्या पत्नी हजरत आयशा (र.) सांगतात की घरात महिना महिना चूल पेटत नसे, खजूर आणि पाण्यावर असायचे. आणि मला सगळ्यात प्रिय हदीस अनस (र.) यांची आहे, एका शिंप्याने जेवायला बोलावलं होतं, जवाची रोटी आणि भोपळा घातलेला वाळलेल्या गोश्तचा रस्सा, आणि नबी (स.) ताटाच्या कडेकडेने भोपळ्याच्या फोडी शोधून खात होते. गोश्त समोर असताना भोपळा! आपल्याकडे दुधी केला की मुलं काय मोठी माणसंही तोंड फिरवतात, आणि इफ्तारला मात्र भजी, समोसे, सरबत, मालपुवा, वर बिर्याणी, मग तरावीहला, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजला, उभं राहवत नाही.

आणि गोळ्या बंद करा म्हणणाऱ्यांसाठी, अबू दाऊद आणि तिर्मिजीत उसामा बिन शरीक यांची हदीस आहे, बद्दू (वाळवंटातल्या भटक्या) लोकांनी विचारलं इलाज करावा का, तर उत्तर आलं, अल्लाहच्या बंद्यांनो इलाज करा, म्हातारपण सोडून असा आजार नाही ज्याचा इलाज त्याने ठेवला नाही. ही हदीस मी खालाला दवाखान्यातच वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली ही कोणी पाठवली नाही मला.

रोज्यांच्या तयारीसाठी डॉक्टरकडे 6 ते 8 आठवडे आधी जायचं असतं, म्हणजे साधारण रजब महिन्यात. यंदा रजबमध्ये मीच तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी पायाकडे बघून रोज्याला नको म्हटलं, खाला थोडी रडली, मग फिदयासाठी तिने पैसे वेगळे काढले. कलौंजीची बरणी तिच्याकडे अजून आहे, नानवर भुरभुरते, लोणच्यात घालते, आणि गोळीचा डबा त्याच फळीवर शेजारी ठेवलाय.