जोडशब्दांनी बातमी बांधली जात नाही

इंग्रजी बातमीच्या भाषेवरच्या एका लेखात म्हटलंय की 'हाउएव्हर', 'देअरफोर' असे जोडशब्द पेरले की इंग्रजी बातमी सुसंगत होते. हे मला अजिबात पटलं नाही. बातमीत असे शब्द कमीच सापडतात. 'अँड', 'बट', 'आफ्टर' यांवर काम भागतं. हॅलिडे आणि रुकैया हसन या भाषाशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये कोहीजनचे, म्हणजे वाक्यं एकमेकांना जोडणाऱ्या धाग्यांचे, पाच प्रकार मांडले, त्यात जोडशब्द हा फक्त एक.

खरी वीण असते नामांची. आगीची बातमी घ्या: आधी 'अ फायर', पुढे 'द ब्लेझ', मग 'द फ्लेम्स'. 'अ'चा 'द' झाला की कळतं, ही मघाचीच आग. मराठीत 'अ', 'द' अशी उपपदं नाहीत, त्यामुळे भाषांतर करताना 'ही', 'या' घालायचं राहिलं तर दोन आगी लागल्यासारखं वाटतं!

आणि धागे असले म्हणजे अर्थ लागतोच असंही नाही. 'पूल कोसळला. पूल लोखंडाचा होता. लोखंड खाणीतून येतं. खाणीत अंधार असतो.' प्रत्येक वाक्य मागच्याला चिकटलंय, पण बातमी कुठाय? पूल कोसळला म्हटल्यावर वाचक लगेच विचारतो, कुणाला लागलं का? पुढचं वाक्य त्याचं उत्तर असेल, तर एकही जोडशब्द नसला तरी कोहिअरन्स, म्हणजे अर्थाची सुसंगती, येतो.