पावसाळ्यात एफबीडीला वेळ का लागतो: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या रबाळ्याच्या वर्कशॉपमधून घेतलेल्या फ्लुइड बेड ड्रायरला, म्हणजे गोळ्यांचा ओला माल गरम हवेने सुकवणाऱ्या एफबीडीला, तुम्ही एक स्टार दिलात. तक्रारी तीन: जुलैपासून बॅचला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, फिंगर बॅग (भुकटी अडवणारी कापडी गाळणी) सारखी चोंदते आणि बाऊलच्या तळाशी ओली ढेकळं उरतात. गोळ्यांचं प्रॉडक्शन अडलं की काय होतं ते मी जाणतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

ब्लोअर बाहेरची हवा ओढतो, ती फिल्टर आणि हीटरमधून जाऊन तळाच्या जाळीतून वर येते आणि ग्रॅन्युल्सना, म्हणजे मालाच्या ओल्या दाण्यांना, उचलून धरते. माल उकळत्या आमटीसारखा खदखदतो, दाण्याला चहूबाजूंनी हवा लागते. म्हणून ट्रे ड्रायरमध्ये अख्खी शिफ्ट खाणारा माल इथे बहुधा तासाभरात सुकतो.

पण हीटर हवा तापवतो, तिच्यातलं पाणी काढत नाही. पावसाळ्यात ३० अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली की किलोभर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी आधीच असतं. जानेवारीच्या कोरड्या दुपारी तेच १० ग्रॅमच्या आसपास. दोन्ही हवा ६० अंशांवर नेल्या, तर जानेवारीची आर्द्रता ८ टक्क्यांवर येते, पावसाळ्यातली १९ वर अडते. वरवरचं पाणी तरीही उडतं. एलओडीचे, म्हणजे मालात उरलेल्या ओलाव्याचे, शेवटचे दोन-तीन टक्के मात्र हटत नाहीत, आणि तुमचा जास्तीचा वेळ तिथेच जातो.

बाकी दोन तक्रारी याच साखळीतल्या. बाहेर पडणारी हवा दमट असली की बारीक भुकटी बॅगेला चिकटते, हवेचा प्रवाह घटतो, जड ओला माल उचलला जात नाही आणि तळाशी बसतो.

ऑपरेटरने इनलेट, म्हणजे आत येणारी हवा, ८० अंशांवर नेल्याचं तुम्ही लिहिलंय. कृपया ते थांबवा. दाण्याची साल आधी सुकते, आतलं पाणी आतच कोंडतं. बॅच कोरडी वाटते आणि पुढे कॉम्प्रेशनला, म्हणजे गोळ्या दाबताना, त्या पंचला (दाबणाऱ्या दांड्याला) चिकटतात. घड्याळ बघून बॅच काढू नका. प्रॉडक्टचं तापमान बराच वेळ एका जागी राहून चढायला लागलं, की सॅम्पल काढून एलओडी तपासा.

कोटेशनमध्ये इनलेटचा डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढणारं यंत्र) होता. बजेटमुळे तुम्ही तो पुढे ढकललात, तो तुमचा हक्कच. पण खाडीकाठच्या या पट्ट्यात औषधांचा माल बारा महिने चालवायचा तर माझ्या मते तो लागतोच. तो बसेपर्यंत बॅच थोडी लहान घ्या, ओला माल चाळणीतून काढून भरा, बॅगेचं शेकिंग वाढवा आणि सुकी बॅग हाताशी ठेवा.

या आठवड्यात आमचा माणूस तुमच्याकडे येऊन ब्लोअरचा प्रवाह आणि बॅगेवरचा दाब मोजेल, त्याचे पैसे घेणार नाही. जानेवारीच्या आणि आत्ताच्या बॅच शीट तेवढ्या काढून ठेवा.